डाव्या हाताचं उत्तर

कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझे वडील सळ्यांच्या मोळ्या उतरवायचे. मी सहावीत होते तेव्हा ट्रेलरवरची एक मोळी सुटली आणि त्यांच्या उजव्या पायावर आली. पाय राहिला, त्यातली ताकद गेली. चार महिने ते सुकापूरच्या आमच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. त्या चार महिन्यांत त्यांनी माझी सहावीची सगळी पुस्तकं वाचून काढली, कारण घरात वाचायला दुसरं काही नव्हतं.

आईला वाचता येत नव्हतं. ती उरणच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची लेक. लग्न करून आपट्याला, वडिलांच्या गावी, आली तेव्हा सासरी कुणाला सुनेनं बाजारात बसलेलं आवडणार नव्हतं, म्हणून तिनं मासळीची पाटी सोडली होती. वडील पडले आणि आठव्या दिवशी ती पनवेलच्या बाजारात पाटी घेऊन बसली. लोकांना वाटतं, कोळणीच्या घरी रोज पापलेट. आमच्या घरी संध्याकाळी जे उरायचं तेच शिजायचं, आणि उरायची ती पोट फुटलेली मांदेली. मला आजही ताटात अख्खी, न फुटलेली मांदेली दिसली की पाहुणे आल्यासारखं वाटतं.

पुढे वडिलांना एका गोदामाच्या गेटवर बसायचं काम मिळालं. मी बारावी झाले, बी.ए. झाले. आमच्या दोन्हीकडच्या घरांत कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. भूगोल घेऊन बी.ए. केलं आणि बी.एड.ला प्रवेश घेतला. तोवर आईचा उजवा खांदा गेला होता. हात डोक्याच्या वर जात नसे, पाटी उचलायला शेजारणीला हाक मारावी लागे. ती म्हणाली, "तू बाई झालीस का मी पाटी उतरवीन. तवर नाय." आमच्याकडे मास्तरणीला बाईच म्हणतात. बी.एड.ची दोन वर्षं तिनं त्या खांद्यावर काढायचं ठरवलं होतं. मला वर्ष वाया घालवून चालणार नव्हतं.

खरं सांगायचं तर मला काळजी नव्हती. शिकवण्यात काय असतं? पुस्तक आपल्याकडे, खडू आपल्याकडे, मुलं आपल्यापेक्षा लहान. इतकी वर्षं समोर बसून पाहिलेलं काम आपल्याला येतंच, असं मला वाटायचं.

सराव पाठांसाठी आम्हाला पनवेलमधल्या एका शाळेत पाठवलं. मला सातवीचा वर्ग मिळाला, अठ्ठावन्न मुलं. पाठ पस्तीस मिनिटांचा. माझा पहिला पाठ चौदा मिनिटांत संपला. शिकवायचं होतं ते सगळं शिकवून झालं आणि घड्याळात एकवीस मिनिटं शिल्लक. मी विचारलं, "समजलं का?" अठ्ठावन्न मुलं एका सुरात म्हणाली, "हो बाई." मग मी उभी, मुलं बसलेली. दोन मिनिटांत मागच्या बाकावर कंपासपेटीचा ढोल सुरू झाला. मी ओरडले. घशातून विचित्र किंकाळी निघाली आणि पुढची रांग हसली.

वर्गाच्या मूळ बाई मागे खुर्ची टाकून वह्या तपासत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या. त्या उठल्या, फळ्याकडे गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहून, मागे न बघता म्हणाल्या, "कंपास दप्तरात." ढोल बंद झाला. त्यांनी फळ्यावर एक नकाशा काढला आणि उरलेली मिनिटं अशी गेली की घंटा कधी झाली ते कळलं नाही.

नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"'समजलं का' असं विचारू नका हो," त्या म्हणाल्या. "'हो बाई' म्हणायला त्यांना पहिलीपासून शिकवलंय."

"मग काय विचारू?"

"ते शोधण्यातच माझी सव्वीस वर्षं गेली," त्या म्हणाल्या आणि वह्यांचा गठ्ठा उचलून पुढच्या तासाला गेल्या.

मी घरी आले तेव्हा पोटऱ्या दुखत होत्या, आवाज बसला होता. वडील म्हणाले, "चौदा मिनिटांत ही गत? मी आठ-आठ तास मोळ्या उतरवल्यात."

आई म्हणाली, "तिला पोरं उतरवायची हायत. मोळी हालते काय?"

हळूहळू पाठ पुरू लागले. वीस मिनिटं, पंचवीस, मग घंटेपर्यंत. पण दर पाठानंतर मला नवीनच काहीतरी दिसे जे मला येत नव्हतं. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ कशी करायची ते येत नव्हतं. एका मुलाचं ऐकताना बाकीच्या सत्तावन्न जणांचं काय करायचं ते येत नव्हतं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे टाचण वही.

आमच्या टाचणात पानाचे तीन रकाने असतात. पहिल्यात मुद्दा. दुसऱ्यात शिक्षक कृती, म्हणजे आपण काय करणार, काय विचारणार. तिसऱ्यात विद्यार्थी कृती. त्यात मुलं काय उत्तर देतील ते आपणच आदल्या दिवशी घरी बसून लिहायचं. अपेक्षित उत्तर. मी सुवाच्य अक्षरात लिहायची: 'विद्यार्थी योग्य उत्तर देतात.' आणि वर्गात गेल्यावर विद्यार्थी खिडकीबाहेर बघत.

शेवटच्या पाठाला, ज्याला बाहेरून परीक्षक येतात, हा तिसरा रकाना खरा ठरायलाच हवा असं आम्हाला वाटे. त्या पाठात नापास झालं की पुढच्या वर्षी पुन्हा. आमच्या आधीच्या तुकडीच्या मुलींनी यावर उपाय सांगून ठेवला होता आणि तो त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितला होता. आदल्या दिवशी वर्गाला पढवायचं: उद्या प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. बाई उजव्यालाच विचारतील. परीक्षकाला दिसतं, सगळा वर्ग हात वर करून बसला आहे.

मला विषय मिळाला भरती-ओहोटी. मी खूश झाले. वडिलांनी गेटवर बसून सूर्य, चंद्र, पृथ्वीचा तक्ता रंगवला. पृथ्वीला त्यांनी इतका निळा दिला की कागद मागून फुगला. आदल्या संध्याकाळी मी घरात दोघांसमोर अख्खा पाठ घेतला.

"दिवसातून भरती किती वेळा येते?"

"दोन वेळा, बाई," वडील हात जोडून म्हणाले.

"शाब्बास. बसा."

"बसलोच हाय. पाय कुठं चालतोय?"

आई कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती. पाठ संपला तेव्हा म्हणाली, "याला येवढं पुस्तक लागतं? माजे बापाला बोटावर यायचं. चांदाची तिथ घ्यायची, तिनानं गुनायची, चारानं भागायची. जेवढं येल तेवढ्या वाजता भरती."

"आई, ते पुस्तकात नाही."

"नसू दे. पन तू भराभरा बोलते. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघ, माशाकडं नको. नायतर ते पुढच्या पाटीवर जातं."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. खरं तर त्या दिवशी दुपारीच मी वर्गाला उजवा-डावा शिकवून आले होते. मुलांना तो खेळ फार आवडला. मूळ बाई तेव्हा ऑफिसात होत्या. त्या ऑफिसात असतील अशीच वेळ मी निवडली होती, हेही लिहून टाकते.

परीक्षेच्या दिवशी मी साडी नेसून, तक्त्याची गुंडाळी काखेत घेऊन शाळेत पोचले तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता. परीक्षक सर शेवटच्या बाकावर, एका मुलाला सरकवून त्याच्या शेजारीच बसले. केस पांढरे, चष्मा कपाळावर. टाचण वही मी त्यांच्यासमोर ठेवली. मूळ बाई दाराजवळ. मी तक्ता लावला. टाचणी बोटात गेली. पृथ्वीवर रक्ताचा ठिपका पडला, कुणाला दिसला नाही.

पहिला प्रश्न विचारला. अठ्ठावन्न हात सपकन वर. काय दृश्य होतं ते! मी उजव्या हाताच्या एका मुलाला उठवलं, त्यानं तिसऱ्या रकान्यातलं वाक्य जसंच्या तसं दिलं. दुसरा प्रश्न, पुन्हा सगळे हात. पुन्हा बरोबर. उधाणाची भरती झाली, भांगाची भरती झाली. मी घड्याळ पाहिलं, अठरा मिनिटं. सगळं वेळेत चाललं होतं. मला वाटलं, जमलं. आईची पाटी उतरली.

तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला.

"बाई, आता जरा डाव्या हातांनाही विचारा की."

वर्ग खुदकन हसला. माझ्या कानात गरम पाणी ओतल्यासारखं झालं. सर माझ्याकडे बघत नव्हते. चष्मा डोळ्यांवर आणून ते माझं टाचण वाचत होते, बोट तिसऱ्या रकान्यावर. दाराजवळच्या बाईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचा प्रश्न टाचणातला सगळ्यात सोपा होता. तोच विचारला. "दिवसातून भरती किती वेळा येते?"

हात वर झाले. डावे बोटांवर मोजण्याइतकेच, आणि त्यांतलेही दोन मी बघताच खाली गेले. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचा डावा हात मात्र तसाच होता. खाडीजवळच्या कोळीवाड्यातली मुलगी, महिनाभरात मी तिचा आवाज ऐकला नव्हता. मी तिला उठवलं. मनात म्हणत होते, दोन म्हण गं, नुसतं दोन म्हण.

"बाई, दोनदा येते," ती म्हणाली. मी श्वास सोडला. "पन रोज नाय. एकादे दिवशी एकदाच येते."

वर्गात कुणीतरी म्हणालं, "ए, दोन!" आणखी दोघं-तिघं म्हणाले, "पुस्तकात दोन आहे, बाई."

पुस्तकात खरंच दोन होतं. माझ्या टाचणात दोन होतं. बी.ए.च्या तीन वर्षांत मला कुणी दुसरं सांगितलं नव्हतं. 'चूक, बस' म्हणायला एक सेकंद लागला असता आणि पाठ पुन्हा रुळावर आला असता. पुढे उजळणी होती, गृहपाठ होता, त्यांना वेगळे गुण होते. मुलगी उभी होती. तिचा हात अजून वरच होता, खाली घ्यायचं विसरली होती.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती वात्रटपणा करत नव्हती, घाबरली होती. आणि तरी म्हणाली होती.

"कुणी सांगितलं तुला?"

"आजा बोलतो. पुनवेच्या आसपास बोलतो कधी कधी, आज एकच पानी हाय. मंग त्या दिवशी एकदाच जाली लावतात."

आजा बोलतो. माझ्या आईचा बापही बोटावर मोजायचा.

"मला माहीत नाही," मी वर्गाला म्हणाले. ही तीन शब्दांची ओळ कुठल्याच रकान्यात नव्हती. "खरं की खोटं, आपण काढून बघू."

मी फळ्याचा अर्धा भाग पुसला. दोन भरत्यांमध्ये बारा तास पंचवीस मिनिटं जातात, एवढं त्यांना नुकतंच शिकवलं होतं. मी विचारलं, समजा आज दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना भरती आली, तर पुढची कधी? हात वर झाले. उजवे कोण, डावे कोण, ते बघायचं मला भान नव्हतं. एक मुलगा उभा राहून बोटांवर मोजत म्हणाला, "बाई, रात्री सव्वाबाराला."

"म्हणजे कुठल्या दिवशी?"

तो अडखळला. मग दोन-तीन जणी एकदम ओरडल्या, "उद्या! बाई, ती उद्या झाली!"

"आणि आधीची?"

ही बेरीज उलटी होती, इथे गोंधळ झाला. एकानं अकरा पंचवीस सांगितलं, एकानं पावणेबारा. मी कुणालाच बरोबर म्हटलं नाही. दोघांनाही फळ्याशी बोलावलं. ज्याचं चुकलं होतं त्यानं स्वतःच खडूनं रेघ मारली आणि म्हणाला, "आधीच्या रात्री अकरा पंचवीस. म्हणजे काल." मग तो फळ्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "बाई, मग आज एकच."

तिसऱ्या बाकावरची मुलगी अजून उभीच होती. मी म्हणाले, "बस गं. तुझा आजा बरोबर आहे." तेवढ्यात घंटा झाली. उजळणी राहिली, गृहपाठ राहिला, आणि टाचणातलं शेवटचं अख्खं पान तसंच राहिलं.

वर्ग बाहेर पळाला. परीक्षक सर पुढे आले. माझी वही त्यांच्या हातात होती.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही, सर."

"मग तिला थांबवलं का नाही?"

"ती खरं बोलत असती तर?"

"आणि खोटं असतं तर?"

"तर तेही फळ्यावरच कळलं असतं, सर." हे मी धीटपणे म्हणाले असं वाटेल. तसं नव्हतं.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही. "उजळणी नाही, गृहपाठ नाही," ते म्हणाले. "आणि तो तुमचा उजवा-डावा. आमच्या वेळी उघडा पंजा आणि मूठ असायची. परीक्षक होण्यासाठी आम्ही आकाशातून पडत नाही, बाई." एवढं बोलून ते पुढच्या वर्गाकडे गेले. हसले की नाही ते मला कळलं नाही. पुढचे कितीतरी दिवस मी त्यांचा तो चेहरा आठवून बघत होते, त्यावर गुण वाचता येतात का म्हणून.

मूळ बाई खिडक्या लावत होत्या. मला वाटलं, त्या उजव्या-डाव्याबद्दल बोलतील. मी मान खाली घालून तक्ता गुंडाळत राहिले.

"तिला विचारलंत का?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"उत्तर येत होतं, तर डावा का केला?"

मी ते विचारलंच नव्हतं. ती मुलगी नळापाशी पाण्याची बाटली भरत होती. मी जाऊन विचारलं. ती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. तिला वाटलं असावं, नियम मोडला म्हणून मी रागवायला आले.

"बाई, तुमाला दोन पायजे होतं ते माहीत होतं," ती म्हणाली. "पन ते मला पटत नव्हतं. आन जे पटत होतं ते पुस्तकात नव्हतं. म्हनून डावा केला."

महिनाभर मी त्या वर्गात उभी होते. माझी शिस्त, माझा तक्ता, माझा आवाज, माझे रकाने. त्याच वर्गात एक मुलगी तिसऱ्या बाकावर बसून स्वतःचं खरं ज्ञान 'येत नाही'च्या बाजूला ठेवत होती, आणि तसं ठेवायला मीच शिकवलं होतं. आदल्या संध्याकाळी माझ्याच घरात, कोलीम निवडताना, आईनं तेच मला देऊ केलं होतं आणि मी म्हटलं होतं, ते पुस्तकात नाही. मूळ बाईंची सव्वीस वर्षं कशात गेली असतील, याचा थोडासा अंदाज मला त्या नळापाशी आला. त्या माझ्यासारख्याच अठ्ठावन्नांसमोर उभ्या राहत आणि दर तासाला कुठला हात कशासाठी वर आहे, ते शोधत. रोज. सात-सात तास. आणि मग वह्या.

मी तिला म्हणाले, "यापुढे पटतं त्याला उजवा कर."

"आन चुकलं तर?"

"तर फळ्यावर काढू."

निकाल लागेपर्यंतचे दिवस वाईट गेले. मी घरी सगळं सांगितलं, उजव्या-डाव्यासकट. वडील म्हणाले, "खोटं केलंस ते केलंस, पन खोटं पुढं चालवलं नायस." आई सकाळी पाटी घेऊन निघायची तेव्हा मी उठून ती तिच्या डोक्यावर ठेवून द्यायची. तिचा खांदा कटकन वाजायचा. तो आवाज ऐकला की मला वाटे, उजळणी घेतली असती तर काय बिघडलं असतं.

निकाल मोबाइलवर आला. पान उघडत नव्हतं, पुन्हा पुन्हा फिरत होतं. उघडलं तेव्हा मी तशीच बाजारात गेले. आई एका गिऱ्हाइकाला सुरमई कापून देत होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, माशाकडे नाही, आणि सुरी खाली ठेवली.

"झाली?"

"झाले."

शेजारच्या पाटीवरची मावशी ओरडली, "काय झाली गो?"

"बाई झाली," आई म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "दादा, जरा थांबा. सुरमई कुठं पळत नाय."

पाठाला मला पहिल्या वर्गाचे गुण मिळाले नाहीत, दुसऱ्या वर्गाचे मिळाले. पुढे दीड वर्ष मी तासिका तत्त्वावर शिकवलं, पात्रता परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले. आता पनवेल तालुक्यातल्या एका शाळेत मी कायम आहे, सातवी-आठवीला भूगोल शिकवते. टाचण मी अजूनही लिहिते. तिसरा रकाना तास झाल्यावर भरते. आईनं गेल्या वर्षी पाटी उतरवली.